खाली केव्हा करणार?

नाना गेले तेव्हा मी इतवाऱ्याच्या बाजारात रबराचा वायसर शोधत फिरत होतो. ऑक्सिजनच्या नळकांड्याला जिथे पितळेची कळ बसते, तिथून बारीक सुरसुर येत होती. सिस्टर म्हणाल्या होत्या, रहने दीजिए, इतना तो चलता है. पण मला तो आवाज सहन होईना. सायकलवाल्याकडून पंपवाल्याकडे, पंपवाल्याकडून मोटारीचं सामान विकणाऱ्याकडे असा मी हिंडलो, आणि मापाचा वायसर मिळाला तेव्हा मनातून चक्क खूश झालो. तो मुठीत धरून वॉर्डाच्या दारात आलो, तर नानांच्या पलंगाभोवतीचं सगळं सामान भिंतीकडे सरकवलेलं. बाटलीचा स्टँड कोपऱ्यात, नळी गुंडाळून ठेवलेली, नळकांडं गप्प. मी आधी सामानाकडेच पाहिलं... हे लिहायला जड जातं, पण झालं तसंच. कोणी हलवलं हे, असं मी चिडून विचारणार, तोच नलू दिसली. नलू म्हणजे माझी बायको. पलंगाशेजारच्या स्टुलावर ती बसली होती आणि तिचा हात नानांच्या हातावर होता.

"गेले," ती म्हणाली. "तुम्ही कुठे होतात?"

मी मूठ उघडून तिला वायसर दाखवला.

नाना माझे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा मला अजून शाळेत घातलेलंही नव्हतं, त्यामुळे वडील म्हणून मला जे काही आठवतं ते सगळं नानांचंच आहे. बऱ्हाणपुरात त्यांचं सुताचं दुकान होतं. हातमागवाल्यांना सूत पुरवायचं, त्यांच्याशी उर्दूत बोलायचं, पेढीवाल्यांशी गुजरातीत, खेड्यातून आलेल्या माणसाशी त्याच्या बोलीत. घरी मराठी, पण तिच्यातही निम्मे शब्द बाजारातून उचललेले. पुण्याकडचा आमचा एक मावसभाऊ एकदा पंगतीत म्हणाला, नाना, तुमची मराठी एकदा स्वच्छ धुऊन वाळत घाला. नाना भात कालवत म्हणाले, "धुतली तर रंग जाईल रे. कच्चा माल आहे." पंगत हसली. मावसभाऊही हसला, पण त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

त्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. दुसरं लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, फुरसत कुठे मिळाली. ती फुरसत माझ्यामुळे मिळाली नव्हती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी मला शिकवलं, सरकारी कचेरीत चिकटवलं, मुलगी पाहिली, आणि लग्नाच्या आधी घरावर माडी चढवली. वर तुम्ही, तळाला मी, म्हणाले. भांडण झालं तर मध्ये जिना आहे. भांडण कधीच झालं नाही. आता मोकळेपणाने लिहायचं तर, तेच मला जड होत गेलं. कचेरीला निघालो की नाना विचारायचे, निघालास? परत आलो की विचारायचे, आलास? त्यात संशय नव्हता, हुकूम नव्हता. उगाच, माणूस घरात असल्याची खूण. पण चाळिशी ओलांडलेल्या, तीन मुलांच्या बापाला रोज "हो, निघालो" म्हणणं नकोसं व्हायचं. कुठे चाललो ते कोणालाही न सांगता जिना उतरता यावा, असं एक घर मला एकदा तरी हवं होतं. ही गोष्ट मी नलूलासुद्धा कधी म्हटली नव्हती.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला प्रांतांची नवी वाटणी झाली. आजवर आमचं तोंड नागपूरकडे होतं. कचेरीतले मोठे साहेब नागपूरचे, कागद जायचे नागपूरला, वरच्या परीक्षा नागपूरला. आता नागपूर मुंबईबरोबर गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो आणि राजधानी झाली भोपाळ. आमच्यासारख्या मराठी घरांत संध्याकाळी दुसरा विषय नव्हता. कचेरीत साहेबांनी आम्हाला एकेकाला बोलावून विचारलं, तिकडे जायचं आहे का? मी म्हटलं, हो. विचार करून सांगतो, घरी विचारून सांगतो, असलं काही म्हटलं नाही. सरळ हो. बाहेर आल्यावर सहकाऱ्यांना मुलांच्या मराठी शाळेचं कारण दिलं, नलूला तिच्या अमरावतीच्या माहेराचं दिलं, आणि ती कारणं खोटी होती असंही नाही. फक्त पहिलं कारण त्यांत नव्हतं.

नलू म्हणाली, नानांना सांगा. मी म्हटलं, हुकूम येऊ दे, मग सांगतो. नंतर म्हटलं, संक्रांत होऊ दे. मग नानांचा खोकला सुरू झाला. सुताच्या तुसांत आयुष्य काढलेल्या माणसाला खोकला काही नवा नव्हता, पण या वेळी तो छातीत उतरला. उताणं झोपवेना, बसून रात्र काढावी लागे. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात ठेवा. आणि मी, खरं सांगतो, सुटलो. आजारी माणसाला असलं काही सांगायचं नसतं, हे कोणीही मान्य केलं असतं.

नानांचा पलंग खिडकीशी होता. जनरल वॉर्ड, लोखंडी पलंग, शेजारी एक ठेंगणं कपाट. पहिल्या दिवशी ऑक्सिजनचं नळकांडं आलं ते खंडव्याहून रेल्वेने. ते पलंगाच्या पायाला नुसतंच टेकवून ठेवलेलं होतं. मला वाटलं, हे कलंडलं तर? मी साखळी आणली आणि ते पायाला जखडलं. मग पाहिलं तर नळी जमिनीवरून जात होती, कोणाच्याही पायाखाली आली असती. ती मी उचलून पलंगाच्या दांडीवरून घेतली आणि दुकानातल्या सुताने दोन ठिकाणी बांधली, अशी की नाना कुशीवर वळले तरी ओढ बसणार नाही. ग्लुकोजच्या बाटलीचा स्टँड डुगडुगत होता, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. पिकदाणी उजव्या हाताला, पाण्याचा पेला डाव्या, लघवीचं भांडं अशा जागी की मागावं लागू नये. पाठीला टेकू म्हणून वेताने विणलेली लाकडी चौकट होती. तिला मागे खाचा असतात. दांडा वरच्या खाचेत घातला की माणूस बसता होतो, खालच्या खाचेत घातला की आडवा. त्या खाचांचं तर मला वेडच लागलं. दिवसातून किती वेळा मी तो दांडा काढून घातला असेन...

सिस्टर आधी रागावल्या, मग त्यांना माझी सवय झाली. नळी कुठून न्यावी, बाटली किती उंच टांगली की थेंब भरभर पडतात, हे त्यांनीच मला दाखवलं. सकाळी त्या आल्या की मीच त्यांना सांगायचो, रात्री काय काय हललं ते.

नाना हे सगळं पडल्या पडल्या बघत. एकदा मी दांडीला लाल सूत बांधत होतो, तर म्हणाले, "वसंता, माझा माग करून टाकलास की रे. ताणा झाला, आता धोटा तेवढा फेकायचा राहिला." ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, आणि धोटा त्यांतून आडवा धागा नेतो. बोलताना त्यांना धाप लागली, तरी वाक्य पुरं केलं. मीही हसलो आणि लगेच बाटलीकडे वळलो. कारण हसणं संपलं की मध्ये एक जागा उरते, आणि त्या जागेत माणूस काहीतरी विचारतो.

शेजारच्या पलंगावर देडतलाई गावचा एक केळीवाला शेतकरी होता. बैलगाडीवरून पडून त्याची मांडी मोडली होती आणि पाय ताणून ठेवायला दोरीने एक वीट लोंबती ठेवलेली होती. नानांकडचं काम संपलं की मी त्याची वीट नीट करायचो. एक-दोन दिवस त्याने सोसलं. मग म्हणाला, "बाबूजी, माझी वीट ऱ्हाऊ द्या आता. तुम्ही भावापाशी बसत काहून नाही? माणूस पाहायला येता का सामान?" नाना डोळे मिटून पडले होते, पण त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. ते जागे होते. मी म्हटलं, बसतो की, आणि पिकदाणी धुवायला घेऊन गेलो.

मी सेवा करत होतो असं सगळे म्हणाले. नाना गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी प्रत्येकाने ते म्हटलं. भाऊ असावा तर असा, पलंगाशी कशी व्यवस्था ठेवली होती. मी मान खाली घालून ऐकलं. नळ्यांना, बाटल्यांना काही सांगावं लागत नाही, एवढंच त्यातलं गुपित होतं. नानांच्या नजरेसमोर स्वस्थ बसलो असतो तर मला बोलावं लागलं असतं. म्हणून मी दिवसभर त्यांच्या अंगाभोवती फिरत राहिलो, आणि त्यांच्यापासून लांब राहिलो.

शेवटच्या आठवड्यातली एक सकाळ. त्यांना धाप जास्त होती म्हणून मी टेकूचा दांडा वरच्या खाचेत घातला होता. ते बसते झाले होते, मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले. मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून वेताखाली उशी सारत होतो. नाना म्हणाले, "वसंता, खाली केव्हा करणार?"

माझा हात टेकूवर होता, डोक्यात टेकू होता. मी म्हटलं, "आत्ता लगेच करतो, नाना. माझी तयारीच आहे."

नानांनी श्वास जमवला. मग म्हणाले, "इतकी घाई नको. पोरांचे पेपर होऊ दे."

मला वाटलं, भ्रम झाला. हवा कमी पडली की माणूस असंबद्ध बोलतो, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. मी धावत जाऊन नळकांड्याची कळ किंचित सोडली आणि परत येऊन, त्यांना हवं आहे म्हणून, टेकू एक खाच उतरवला. नाना मागे गेले. त्यांनी मला करू दिलं. हात वर केला नाही, नको म्हणाले नाहीत. थोड्याच वेळात त्यांचा श्वास वाजायला लागला. सिस्टर आल्या, मला बाजूला केलं आणि टेकू परत वर चढवला. किसने नीचे किया? म्हणाल्या. मी म्हटलं, यांनीच सांगितलं. मी नानांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. आपण असं काही सांगितलं नव्हतं, हे ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत.

त्यानंतर ते गेले, आणि ते मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

दिवस झाले, पाहुणे पांगले. माझा बदलीचा हुकूमही आला, अमरावतीचा. एका दुपारी माडीवर नलू गोधड्यांच्या घड्या करत होती, मी पलीकडचं टोक धरलं होतं. ती म्हणाली, "एक मात्र तुम्ही बरं केलंत. ते जायच्या आधी त्यांना सांगितलंत."

मी विचारलं, "काय सांगितलं?"

"हेच, आपण जाणार ते. नानांनीच मला सांगितलं. मी दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा. म्हणाले, वसंताने आज स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी विचारलं खाली केव्हा करणार, तर म्हणाला लगेच, तयारीच आहे. मी म्हटलं, पोरांचे पेपर तरी होऊ दे." तिने गोधडी माझ्या हातातून घेतली. "मला वाटलं, चला, सुटले एकदाचे. म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही."

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे लगेच कळायचं नाही. आमच्याकडे हिंदीच्या शेजारामुळे खाली म्हणजे रिकामंसुद्धा. डबा खाली कर म्हणतो, म्हणजे रिकामा कर. घर खाली कर म्हणतो, म्हणजे सोडून जा. मी जन्मल्यापासून हा शब्द दोन्ही अर्थांनी ऐकत आलो. इतर कुठल्याही दिवशी, इतर कुठेही, नानांनी ते विचारलं असतं तर मला कळलं असतं की ते माडीबद्दल विचारताहेत. त्या सकाळी मला फक्त दांडा आणि खाचा दिसत होत्या.

मी नलूला विचारलं, त्यांना कळलं कसं? ती म्हणाली, अहो, अख्ख्या इतवाऱ्याला माहीत होतं. तुमच्या कचेरीतले लोक त्यांच्याच दुकानासमोर चहा पितात. मग मी विचारलं, सांगताना ते कसे दिसत होते? रागावले होते? "रागावलेले नव्हते," ती म्हणाली. "खूशही कसे असतील? पण हलके वाटले. त्या दिवशी तूपभात थोडा जास्त खाल्ला."

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. दोनच गोष्टी संभवतात आणि मी एकीवरून दुसरीवर जात राहतो. एक अशी की नानांना माझं उत्तर खरं वाटलं. म्हणजे ज्या माणसाने माझ्यासाठी घरावर घर चढवलं, त्याने दबकत विचारलं आणि मी उशी सारता सारता म्हणालो, लगेच, तयारीच आहे. असं उत्तर शत्रूलाही देऊ नये. दुसरी अशी की त्यांना चूक कळली. कळलीच असणार. शब्दांच्या बाबतीत त्यांना फसवणारा माणूस बाजारात नव्हता, आणि त्यांच्या देखत मी टेकू उतरवला होता. मग त्यांनी जाणूनबुजून ती चूक उचलली, तिचं उत्तर केलं, आणि नलूला सांगितलं की वसंताने सांगितलं. म्हणजे मला कधीच सांगावं लागू नये. श्वास लागत असताना, एक खाच खाली उतरवलेले असताना, त्यांनी हे केलं. कोणती गोष्ट खरी ते मला कळणार नाही. पहिली खरी असेल तर मी त्यांना दुखावलं, दुसरी खरी असेल तर शेवटचं कामही त्यांनाच करायला लावलं.

नलूला मी हे अजून बोललो नाही. हा लेख छापून आला की ती वाचेल, आणि मग जे बोलायचं ते बोलेल.

मागच्या आठवड्यात हुसेन मिस्त्री आला. करवत, पहार, दोरखंड, सगळं घेऊन. मी विचारलं, काय काम? तो म्हणाला, "नानासाब बोल गए थे. ऊपर की बड़ी अलमारी उतारनी है, जीने की चौखट निकालनी पड़ेगी." हे कपाट म्हणजे आमच्या लग्नातलं सागवानी कपाट. जिन्याच्या तोंडाची चौकट इतकी लहान की ते वर नेता येईना, म्हणून मिस्त्रीच्या वडिलांनी ते माडीवरच बनवलं होतं. ते तिथून कधी बाहेर काढावं लागेल असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नव्हतं. मी विचारलं, नाना हे कधी बोलले? मिस्त्री म्हणाला, दवाखान्यात जायच्या आधी. दुकानातच. "मैंने पूछा, कब आऊँ? बोले, वसंत से पूछ के बताता हूँ, खाली कब कर रहा है."

मी त्याला म्हटलं, काढ.

दुपारपर्यंत चौकट निघाली. मिस्त्रीच्या माणसांनी कपाट दोरखंडाने बांधून, आडवं करून, हळूहळू उतरवलं. आता ते तळमजल्यावर नानांच्या खोलीत, त्यांच्या खाटेच्या शेजारी उभं आहे. ट्रक येईपर्यंत तिथेच राहील. निघालेली चौकट भिंतीला टेकवून ठेवली आहे. मिस्त्रीने विचारलं, तुम्ही गेल्यावर ती परत बसवायची का? मी म्हटलं, राहू दे तशीच.

जिन्याच्या त्या तोंडातून उतरताना मान वाकवावी लागे, नाहीतर कपाळ आपटायचं. आता तिथे काही नाही, ताठ उतरता येतं. मुलं तशीच धडाधड उतरतात. माझी मान मात्र त्या पायरीवर आपोआप वाकते, आणि वाकली की समोर नानांच्या खोलीचं दार येतं, त्यातून खाट दिसते. इतकी वर्षं मी तिथूनच म्हणायचो, हो, निघालो.

परवा उतरताना अशीच मान वाकली. मी तिथेच थांबलो आणि मोठ्याने म्हणालो, "नाना, आम्ही पुढच्या महिन्यात अमरावतीला जातो आहोत."

स्वयंपाकघरातून नलूने विचारलं, "कोणाशी बोलताय?"

"नानांशी," मी म्हटलं.

तिच्या हातातल्या भांड्याचा आवाज थांबला. मी उरलेल्या पायऱ्या उतरलो आणि त्यांच्या खाटेवर जाऊन बसलो.